हाताने डिटेक्टर तपासू नका

इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) टिपणारा लेड सल्फाइडचा डिटेक्टर नेलेल्या ग्राहकांकडून आम्हाला वारंवार एकच फोन येतो, "हात पुढे धरला, रीडिंग हललंच नाही. पीस डेड आहे." तो पीस कुरिअरने परत येतो, आम्ही लावून बघतो आणि तो ठणठणीत निघतो. तोवर तुमच्या प्रयोगाचा आठवडा गेलेला असतो.

हाताची उष्णता इन्फ्रारेडच असते, पण तिचा जोर ९.४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास असतो. आमच्या काचपट्टीवरचा लेड सल्फाइडचा पातळ थर साधारण ३ मायक्रॉनपर्यंतच पाहतो, त्यामुळे त्याला तुमचा हात दिसतच नाही. त्याच्यासमोर तापलेलं सोल्डरिंग आयर्न धरा आणि मध्ये फिरता पंखा ठेवा. जुन्या कॉम्प्युटरचा सात पात्यांचा पंखा मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर प्रकाश सेकंदाला सुमारे २३३ वेळा अडतो आणि ऑसिलोस्कोपवर तेवढ्याच हर्ट्झची लहर दिसते. ती दिसली की पीस चांगला आहे. मल्टिमीटर लावून सरळ रेझिस्टन्स मोजत बसू नका. खोलीचं तापमान थोडं बदललं तरी तो सरकतो आणि खरा सिग्नल त्यात बुडून जातो. प्रकाश असा तोडणारा पंखा, म्हणजे चॉपर, हवाच.

पीस ज्या काळ्या डबीत येतो ती फेकू नका. उघड्या उजेडात, विशेषतः अल्ट्राव्हायोलेटमध्ये पडून राहिला तर थराचे गुण बदलतात.

"ग्राफीन किंवा ब्लॅक फॉस्फरस का ठेवत नाही?" असं संशोधक विद्यार्थी विचारतात. विषय सुंदर आहे, आम्हीही आवडीने वाचतो. पण ग्राफीनचा, म्हणजे एक अणू जाडीच्या कार्बनचा, एक थर अंगावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम २.३ टक्के शोषतो. ब्लॅक फॉस्फरसचे (फॉस्फरसचाच थराथरांचा प्रकार) जाड पापुद्रे ४ मायक्रॉनपर्यंत पोचतात, मात्र उघडे राहिले तर हवा आणि ओल त्यांना खाते. रोज वापरायची वस्तू म्हणून ते विकायला आमचं मन धजत नाही. लेड सल्फाइड मुरलेलं आहे: त्याच्याच खनिजाचा, गॅलेनाचा, खडा वापरणाऱ्या जगदीशचंद्र बोसांच्या डिटेक्टरला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळालं होतं.

आमचा दर थोडा जास्त वाटतो, कारण प्रत्येक पीस ५०० केल्विनच्या ब्लॅकबॉडीसमोर (ठरावीक तापमानाच्या प्रमाणित उष्णता-स्रोतासमोर) तपासून त्याची चिठ्ठी डबीत ठेवतो. ऑर्डर देताना फक्त तरंगलांबी कळवा. ३ ते ५ मायक्रॉनच्या कामाला लेड सेलेनाइड सुचवू. शरीराचीच उष्णता टिपायची असेल तर थर्मोपाइल (उष्णतेवरून व्होल्टेज देणारा सेन्सर) घ्या, तो स्वस्तही पडेल.