डॅफोडिलचं बी वेगळं, बेणं वेगळं

बेणं म्हणजे काय, हे चिकोडी-निपाणीकडच्या ऊसवाल्याला सांगावं लागत नाही. ८६०३२ या वाणाची दोन डोळ्यांची टिपरी पुरली की ८६०३२च उगवतो. तरीही डॅफोडिल या फुलझाडाच्या कांद्याला, म्हणजे त्याच्या बेण्याला, आपल्याकडे सर्रास 'बी' म्हणतात, आणि मग 'बी' म्हणून काळ्या दाण्यांचं पाकीट मागवून पुढच्या संक्रांतीला फुलं शोधत बसतात.

दिसण्यातला फरक कुणालाही कळतो. दाणा काळा, चकचकीत, गोलसर. कांदा मुठीत मावेल एवढा. चुकतं ते पुढे.

डॅफोडिलचं नाव घेतलेलं वाण म्हणजे एकच झाड, कांद्याला फुटणाऱ्या पिल्लांमधून वर्षानुवर्षं पसरलेलं. 'किंग आल्फ्रेड' १८९९ साली इंग्लंडमध्ये लोकांपुढे आला. आजचा प्रत्येक अस्सल 'किंग आल्फ्रेड' त्याच झाडाचं पिल्लू आहे. त्याचं बी पेरलं तर वीस दाण्यांतून वीस निराळी झाडं येतात, त्यांतलं एकही 'किंग आल्फ्रेड' नसतं आणि बहुतेक आईपेक्षा साधीच निघतात. उसाच्या तुऱ्यातलं बी कोणी रानात पेरत नाही. ते कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत, १९१२ पासून, नवं वाण काढायला पेरतात. डॅफोडिलचं बीही त्याच कामाचं. वाणाचं नाव छापलेलं बियांचं पाकीट सरळ दुकानात ठेवून यावं. दुहेरी पाकळ्यांचा फोटो असेल तर त्याहून आधी: त्या फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, बी बहुधा धरतच नाही.

घोळ होतो तो खायच्या कांद्यामुळे. त्याचं बी टाकून तसाच कांदा मिळतो, कारण ते वाण निवडून निवडून बियांवरच राखलेलं असतं. शिवाय तो काही महिन्यांत काढणीला येतो. डॅफोडिलच्या बियाला पहिल्या वर्षी कांद्याच्या कोवळ्या रोपासारखं एकच पान येतं आणि फुलायला ४ ते ६ वर्षं लागतात. विकत आणलेल्या मोठ्या कांद्यात फुलाची कळी आधीच तयार असते.

तरीही बी लावायचं असेल, तर ताजंच घ्या. किमान २० सेंमी खोल कुंडी हवी, कारण मुळं कोवळ्या कांद्याला खाली ओढून नेतात. दोन भाग जाड वाळू, एक भाग खानापूरची तांबडी माती, एक भाग कुजलेलं खत. सप्टेंबरात १ सेंमी खोल पेरा, ओल राखा आणि थंडीची सोय करा. बेळगावचा हिवाळा पुरत नाही. दोन वर्षं तरी रोप हलवू नका. पानं पिवळी पडली की पाणी बंद करा आणि पहिल्या वळिवाच्या आत कुंडी वळचणीखाली न्या. डॅफोडिल झोपतो नेमका आपल्या पावसाळ्यात, आणि झोपलेला कांदा उबदार ओलीत बुडातून कुजतो. शहापूर-वडगावच्या काळ्या, पाणी धरणाऱ्या मातीत तर हमखास. बूड दाबून मऊ लागलं की तो कांदा फेकावा, वाचत नाही.

बेण्याचं सोपं आहे. मोठे कांदे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात १२ ते १४ आठवडे ठेवायचे, मग लावायचे. थंडी चुकवली तर नुसती पानं येतात. शेजारी सफरचंद किंवा केळी ठेवू नका. पिकताना त्यांतून सुटणाऱ्या वायूने आतली कळी मरते.

बेळगावात मात्र पेपरव्हाइटच लावावा. तो याच कुळातला, पांढरा, घमघमणारा, आणि त्याला थंडी लागत नाही. नोव्हेंबरात लावला की पाच-सहा आठवड्यांत फुलतो.

कांदे कुठलेही असोत, पिशवीवर ठळक नाव लिहा आणि स्वयंपाकाच्या कांद्यांपासून लांब ठेवा. सोललेला डॅफोडिल हुबेहूब कांद्यासारखा दिसतो, आणि फोडणीत गेला तर घरभर उलट्या होतात. शिजवूनही त्याचं विष जात नाही.