पियानो पुढे, गिटार मागे: ‘रेनेसाँ’ बँड आणि त्याच्या चाहत्यांची पार्श्वभूमी

‘टर्न ऑफ द कार्ड्स’ ही 1974 ची तबकडी लावली की आधी नुसता पियानो ऐकू येतो. रॉक बँडची तबकडी, पण गिटारचा पत्ता नाही. बँडचा पियानोवादक जॉन टाउट एकटाच वाजवत असतो, वेग चढत जातो, मग ड्रम आणि बेस येऊन मिळतात आणि त्यानंतर कुठे गायिका तोंड उघडते. गाण्याचं नाव ‘रनिंग हार्ड’. ‘रेनेसाँ’च्या चाहत्यांत जुना कोण आणि नवखा कोण हे ओळखायला ही पहिली दोन मिनिटं पुरतात. नवखा म्हणतो, काय सुंदर पियानो आहे. जुना म्हणतो, हे झां आलँचं ‘लितानी’ आहे.

आलँ हा फ्रेंच ऑर्गनवादक आणि संगीतकार. ‘लितानी’ त्याने 1937 मध्ये लिहिलं, ऑर्गनसाठी, आणि 1940 मध्ये वयाच्या अवघ्या 29 व्या वर्षी तो युद्धात मारला गेला. त्याचं संगीत एका ब्रिटिश रॉक बँडच्या पियानोवर ऐकू येतं, गाण्याचं श्रेय मात्र बँडचा संगीतकार मायकेल डनफर्ड आणि गीतकार बेटी थॅचर यांच्या नावावर आहे. चाहत्यांना याचा राग यायला हवा होता. झालं उलटंच. कोणत्या गाण्यात कुणाची रचना दडली आहे हे शोधणं हाच त्यांचा छंद होऊन बसला. ‘प्रोलॉग’मध्ये शोपँचा ‘रेव्होल्यूशनरी’ एत्यूद, म्हणजे पियानोसाठीची सरावरचना. ‘ॲट द हार्बर’मध्ये देबुसीचं बुडालेलं कॅथेड्रल. ‘कोल्ड इज बीइंग’मध्ये आल्बिनोनीच्या नावाने प्रसिद्ध असलेला आदाजिओ, म्हणजे संथ लयीची रचना, जो ऐकायला अठराव्या शतकातला वाटतो, पण रेमो जाझोत्तोने प्रसिद्ध केला 1958 मध्ये. हे बिनश्रेयाचं उचलणं मला स्वतःला आजही खटकतं. तरीही या वाटेने कितीतरी रॉकप्रेमी आलँ आणि देबुसीपर्यंत पोचले असणार, हेही मान्य करायला हवं.

अभिजात संगीताशी सलगी करणारा हा काही पहिला बँड नव्हता. 1967 मध्ये ‘मूडी ब्लूज’ने वाद्यवृंदासोबत पूर्ण अल्बम केला होता. ‘द नाइस’ या बँडचा कीबोर्डवादक कीथ इमर्सन सिबेलिअसच्या संगीतापर्यंत जाऊन आला आणि पुढे ‘इमर्सन, लेक अँड पामर’ घेऊन त्याने रशियन संगीतकार मुसॉर्गस्की थेट स्टेजवर आणला. पण इमर्सनच्या वाजवण्यात एक झटापट असते. कीबोर्डशी त्याची कुस्ती चालली आहे असं वाटतं. ‘रेनेसाँ’चा स्वभावच वेगळा.

आता या बँडच्या जन्माची गोष्ट. ती जरा विचित्र आहे आणि चाहत्यांचे निम्मे वाद तिच्यातूनच निघतात. 1969 मध्ये हा बँड उभा केला तो ‘यार्डबर्ड्स’ या बँडमधून बाहेर पडलेल्या कीथ रेल्फ आणि जिम मॅकार्टी यांनी. दणदणीत ब्लूज-रॉक वाजवून कंटाळलेल्या या दोघांना काहीतरी निवांत हवं होतं. सोबत पियानोवर जॉन हॉकेन, बेसवर लुई सेनामो आणि गायला कीथची बहीण जेन. पहिला अल्बम त्याच वर्षी आला. दुसऱ्याच्या कामात असतानाच मंडळी एकेक करून पांगू लागली. एक गेला की त्याच्या जागी दुसरा, असं होत होत 1972 मध्ये ‘प्रोलॉग’ निघाला तेव्हा वाजवणाऱ्यांत मूळचा एकही माणूस उरला नव्हता. मॅकार्टीच्या काही रचना तेवढ्या राहिल्या होत्या. नाव तेच, माणसं सगळी नवी. आणि बहुसंख्य चाहत्यांच्या लेखी ‘खरा’ रेनेसाँ तो हाच.

यात गंमत अशी की, मूळ मंडळींना 1976 च्या सुमारास पुन्हा एकत्र यावंसं वाटलं तेव्हा स्वतःच ठेवलेलं नाव त्यांच्या हातात नव्हतं. कीथ रेल्फ त्याच वर्षी घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना विजेचा धक्का बसून गेला. उरलेल्यांनी आपल्या दुसऱ्या अल्बमचं नाव घेतलं, ‘इल्यूजन’, आणि त्या नावाने दोन अल्बम काढले. जेनचा मऊ, घरगुती आवाज ज्यांना आवडतो त्यांचा एक छोटा पण हट्टी गट आजही आहे, आणि तो बरोबरच हट्टी आहे.

मोठ्या गटाची देवता मात्र ॲनी हॅसलम. बोल्टनमध्ये वाढलेली ही मुलगी सिबिल नाइट या ऑपेरा गायिकेकडे शिकली होती. ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकातली जाहिरात वाचून ती चाचणीला गेली आणि 1971 च्या सुरुवातीपासून बँडची झाली. पाच सप्तकांचा आवाज अशी तिची ख्याती. तो आकडा मोजत बसण्यापेक्षा ‘प्रोलॉग’चं शीर्षकगीत ऐकावं. नव्या गायिकेची ओळख करून देणारं हे पहिलंच गाणं, आणि त्यात तिच्या वाट्याला एकही शब्द नाही. नुसता आकार-उकार, पियानो आणि बेसच्या जोडीने धावणारा. आवाज हेही एक वाद्यच आहे, हे बँडने पहिल्या पाच-सहा मिनिटांतच सांगून टाकलं.

बाकीची घडणही अशीच उलटी. डनफर्ड हा मुख्य संगीतकार, पण वाजवायचा अकूस्टिक गिटार, तीही बहुतेक वेळा मागे राहून. इलेक्ट्रिक गिटारची जागा जॉन कॅम्पच्या बेसने घेतली. त्याचा बेस साथ कमी करतो, गातो जास्त. 1973 च्या ‘ॲशेस आर बर्निंग’च्या शेवटी इलेक्ट्रिक गिटार कडाडते खरी, पण ती वाजवायला ‘विशबोन ॲश’चा अँडी पॉवेल पाहुणा म्हणून आला होता. आणि शब्द? ते लिहायची बेटी थॅचर, कॉर्नवॉलमधली कवयित्री, जेन रेल्फची मैत्रीण. ती बँडमध्ये नव्हती. डनफर्ड चाली पोस्टाने पाठवायचा, ती शब्द पोस्टाने परत करायची. तिच्या ओळी कधी कधी फार धूसर होतात, समुद्र आणि धुकं जरा जास्तच येतं. पण रशियन लेखक सोल्झेनित्सिनवरचं ‘मदर रशिया’ लिहिताना ती जमिनीवर होती.

मायदेशात या सगळ्याला मोजकाच प्रतिसाद मिळाला. चाहते मिळाले ते अटलांटिकपलीकडे, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या पट्ट्यात. याचं एक साधं कारण एफएम रेडिओ. तिथली स्टेशनं तेव्हा दहा-अकरा मिनिटांची गाणी न तोडता लावत, विशेषतः रात्री. तीन मिनिटांच्या सिंगलवर जगू न शकणाऱ्या बँडला याहून चांगली सोय कोणती? जून 1975 मध्ये कार्नेगी हॉलमध्ये ओळीने तीन रात्री, सुमारे 2,800 खुर्च्यांचं ते सभागृह भरलं. सोबतीला न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे वादक होते. त्या वर्षीच्या ‘शहराझाद’ अल्बमची पूर्ण दुसरी बाजू म्हणजे चोवीस मिनिटांची एकच रचना. नावामुळे अनेकांना ती रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हची वाटते. कथा तीच, पण संगीत डनफर्ड, टाउट आणि कॅम्प यांचं. उचलेगिरीचा आळ असलेल्या बँडवर नेमका इथे तो उगाच येतो.

अमेरिकेच्या खपाच्या यादीत ‘शहराझाद’ 48 व्या क्रमांकापर्यंत गेला, 1977 चा ‘नॉव्हेला’ 46 व्या. ब्रिटनमध्ये एकदाच नशीब उघडलं, 1978 मध्ये, ‘नॉर्दर्न लाइट्स’ हे गाणं दहाव्या क्रमांकावर पोचलं तेव्हा. तोवर पंकचा, म्हणजे छोट्या, आक्रमक गाण्यांच्या रॉकचा, जोर होता आणि लांबलचक रचना म्हणजे टिंगलीचा विषय. 1980 मध्ये टाउट आणि ड्रमवादक टेरेन्स सलिव्हन बाहेर पडले. पुढचे दोन अल्बम सिंथेसायझरच्या मागे धावले. त्यांची बाजू घेणारा चाहता मला अजून भेटलेला नाही. 1987 मध्ये बँड थांबला.

चाहते थांबले नाहीत. 1994 मध्ये तर त्यांच्यापुढे वेगळाच पेच होता: एकीकडे ‘ॲनी हॅसलम्स रेनेसाँ’, दुसरीकडे ‘मायकेल डनफर्ड्स रेनेसाँ’, दोघांचे स्वतंत्र अल्बम. बहुतेकांनी दोन्ही घेतले. 1977 मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिकसोबत झालेल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण वीस वर्षांनी बाजारात आलं, तेही याच लोकांसाठी. हॅसलम आणि डनफर्ड पुन्हा एकत्र आले, थांबले, 2009 मध्ये परत उभे राहिले. नव्या अल्बमसाठी कंपनीकडे न जाता त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरून थेट श्रोत्यांकडे पैसे मागितले, आणि ते जमले.

डनफर्डने त्या अल्बमचं ध्वनिमुद्रण पुरं केलं. नोव्हेंबर 2012 मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला. पैसे भरलेल्या चाहत्यांच्या हाती ‘ग्रांदिने इल व्हेंतो’ पडला तो 2013 मध्ये, त्याच्या माघारी.