तोळाभर गोळी आणि तीन ठोके

ऑक्टोबरात भाचीकडे पेनसिल्व्हेनियात होतो. सकाळी चहा घेत बसलो असताना शेजारच्या गराजमधून आवाज यायला लागला. ठक्. थोड्या वेळानं पुन्हा ठक्. मग ठक् आणि पाठोपाठ काहीतरी खुळखुळल्यासारखं.

"मामा, घाबरू नकोस. आजोबांची काडतुसं चुकलीत, ती उघडतायत," भाची म्हणाली.

काडतुसं उघडतायत. हातोडीनं. हे ऐकून न घाबरणारा मामा मी तरी नव्हे. पण कुतूहल भीतीपेक्षा मोठं निघालं आणि मी कुंपण ओलांडून गेलो. शेजारचे आजोबा निवृत्त मशिनिस्ट. रायफलीनं हरणांच्या शिकारीचा हंगाम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुमारास सुरू होतो, त्याआधी ते आपली काडतुसं घरीच भरतात. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, आणि गावोगावी हा लोणची घालण्यासारखा घरगुती उद्योग आहे. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. आमच्या पुण्यात काडतुसं म्हटलं की खडकीचा १८६९ सालचा कारखाना आठवायचा, इतकाच आपला संबंध.

आपण बोलताना सरसकट 'गोळी' म्हणतो, पण काडतुसात चार वेगळ्या वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली ठिणगीची टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू, आणि पुंगळीच्या मानेत घट्ट बसवलेली खरी गोळी. बार उडाल्यावर यांतली एकच वस्तू पुन्हा वापरता येते, पुंगळी, आणि नेमकी तीच सगळ्यात महाग. म्हणून लोक ती जपून ठेवतात, यंत्रात घालून पुन्हा मापात आणतात आणि उरलेल्या तीन वस्तू नव्यानं भरतात.

आजोबांची चूक साधी होती. १५० ग्रेन वजनाच्या गोळीसाठी जेवढी दारू पुस्तकात दिलेली, तेवढी त्यांनी पन्नास पुंगळ्यांत भरली. गोळ्या बसवता बसवता डबा संपला. फळीवरून दुसरा काढला. त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा, त्याच जाडीच्या गोळ्यांचा. फक्त वजन १८० ग्रेन. सगळी काडतुसं तयार होऊन एकाच ट्रेमध्ये गेली, आणि टेबल आवरताना रिकाम्या डब्यावर नजर पडली.

ग्रेन हे जुनं वजन. ७,००० ग्रेनचा एक पौंड, म्हणजे एक ग्रेन जवळपास ६५ मिलिग्रॅम. हे गणित मनात करताना मला एकदम हसू आलं. ब्रिटिश अमदानीत १८३३ साली आपला तोळा कायद्यानं ठरवला गेला तो बरोबर १८० ग्रेनचा! ९६ गुंजांचा तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. आजोबांच्या हातातली चुकीची गोळी होती नेमकी एक तोळा, आणि बरोबर गोळी होती ८० गुंजा. फरक सोळा गुंजांचा, दोन मासे.

दोन माशांनी एवढं काय बिघडतं?

बऱ्याच जणांना वाटतं की बंदुकीत दारूचा स्फोट होतो. होत नाही. आधुनिक धूरविरहित दारू जळते, फक्त फार घाईनं. ही दारू पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८८४ साली बनवली, आणि तिच्या जळण्याचा नियमही त्याच्याच नावानं ओळखला जातो. तो नियम मला विलक्षण आवडतो. तो सांगतो की दारूचा कण किती वेगानं जळेल हे भोवतीच्या दाबावर ठरतं. दाब वाढला की जळणं वाढतं. उघड्यावर चिमूटभर दारूला काडी लावा, भसकन पिवळी ज्योत येऊन ती विझून जाते. तीच दारू कोंडली की तिच्यातून निघालेला वायू दाब वाढवतो, वाढलेला दाब तिला आणखी वेगानं जाळतो, त्यातून आणखी वायू. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखं हे चालतं.

या चक्राला लगाम घालणारी एकच गोष्ट असते, पुढे सरकणारी गोळी. ती नळीत पुढे गेली की मागची जागा वाढते आणि वायूला पसरायला वाव मिळतो. म्हणजे आत एक शर्यत चालू असते. दारू वायू निर्माण करते आहे आणि गोळी त्याच्यासाठी जागा करते आहे. दाबाचा कळस गोळी नळीत काही सेंटिमीटरच गेलेली असताना येऊन जातो.

आता गोळी जड असेल तर? त्याच दाबाला ती हलायला जास्त वेळ घेते. १५०च्या ऐवजी १८० म्हणजे त्वरण सहाला पाच. जागा उशिरा होते, तेवढ्यात दाब चढतो, चढल्या दाबानं दारू अधिक जोरात जळते, आणि हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत. म्हणून वीस टक्के जास्त वजनाचा परिणाम वीस टक्क्यांवर थांबेलच याची हमी नाही. त्याच कारणानं जड गोळीला दारू कमी घालतात, जे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. जड गाडीला जास्त पेट्रोल लागतं ना!

आकडे एकदा डोळ्यांखालून घालू या. आजोबांची रायफल '.३०-०६' काडतुसाची, म्हणजे ०.३० इंची आणि १९०६ साली अमेरिकी सैन्यानं स्वीकारलेली. या काडतुसाच्या दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला ६०,००० पौंड आहे. आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या चार हजार पट. स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा त्याच्यात बाहेरच्यापेक्षा साधारण एक पटच जास्त दाब असतो. गोळीच्या बुडाचं क्षेत्रफळ अर्ध्या चौरस सेंटिमीटरला थोडं कमी, तरी या दाबाला तिच्यावर वीस हजार न्यूटन बल पडतं. तोळाभर वस्तूवर दोन टनांचा रेटा! मर्यादेपलीकडे गेलं तर पितळ लोण्यासारखं वाहू लागतं, टोपी चपटी होते, नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा म्हणजे बोल्ट उघडत नाही. फारच गेलं तर पुंगळीचं बूड फाटून तापलेला वायू मागे येतो, आणि मागे नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो. रायफली मर्यादेपेक्षा जास्त मजबूत बनवतात हे खरं, पण ती शिल्लक पोलादाच्या दोषांसाठी ठेवलेली असते, माणसाच्या विसराळूपणासाठी नाही. खंडेनवमीला हत्याराला हळदकुंकू जरूर वाहावं, माझ्याही घरी वाहतात. पण जडत्वाला मंत्र ऐकू येत नाहीत. १९०५ साली पूर्व आफ्रिकेत जर्मन सत्तेविरुद्ध उठलेल्या माजी-माजी लढ्यात लोकांना सांगितलं होतं की मंतरलेल्या पाण्यानं गोळ्यांचं पाणी होईल. हजारो माणसं त्या विश्वासानं पुढे गेली.

तर ही काडतुसं उडवायची नाहीत, उघडायची. आणि इथे ती हातोडी येते.

दिसायला ती प्लास्टिकची खेळण्यातली हातोडी. डोकं आतून पोकळ. काडतूस त्यात उलटं, म्हणजे गोळी खाली करून घालायचं. पुंगळीच्या बुडाला जी कडा असते तिला वर एक चिमटा धरून ठेवतो. मग हातोडी लाकडाच्या ओंडक्यावर आपटायची. झालं.

ज्यांच्या घरी कुऱ्हाड किंवा कुदळ आहे त्यांना हे नवीन नाही. पातं सैल झालं की आजोबा-पणजोबा काय करायचे? पातं वर ठेवून दांड्याचं बूड दगडावर आपटायचे. दांडा थांबतो, जड पातं थांबत नाही, ते खाली सरकून दांड्यावर घट्ट बसतं. बस थांबल्यावर आपण पुढे जातो हे आठवीच्या पुस्तकातलं उदाहरण त्याचंच. काडतुसात चित्र फक्त उलट आहे. तिथे घट्ट बसवायचं, इथे सोडवायचं. हातोडी थांबते, चिमट्यानं धरलेली पुंगळी तिच्याबरोबर थांबते, पण गोळीला थांबवणारं पुंगळीच्या मानेच्या पकडीशिवाय कोणी नाही.

पकड किती असते? दीडशे न्यूटन धरू, म्हणजे पंधरा किलोचं पोतं. आता हातोडीचा वेग सेकंदाला ६ मीटर आणि थांबायला लागलेलं अंतर १ मिलिमीटर असं माना. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर: ३६ भागिले ०.००२, म्हणजे १८,००० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वाच्या अठराशे पट. तोळाभर गोळीला त्या दरानं थांबवायचं तर २१० न्यूटन बल हवं. मान देऊ शकते दीडशे. गोळी सरकते.

पण पहिल्या ठोक्यात ती निघत का नाही? बलाचा हिशोब सोडून ऊर्जेचा धरला की कळतं. सहा मीटर वेगानं जाणाऱ्या तोळाभर गोळीत ऊर्जा असते ०.२१ जूल. मानेत गोळी आठ मिलिमीटर रुतलेली आहे, आणि ती बाहेर येत जाते तशी पकडही कमी होत जाते, म्हणून घर्षणाचं एकूण काम निम्मं धरायचं: १५० गुणिले ०.००८ भागिले दोन, ०.६ जूल. ०.६ला ०.२१नं भागा. तीनाच्या जवळ! पहिल्या ठोक्याला गोळी जेमतेम हलते, दुसऱ्याला आणखी थोडी, तिसऱ्या-चौथ्याला सुटून दारूसकट पोकळीत पडते. गराजमधून ऐकू आलेला तो 'ठक्, ठक्, ठक् आणि खुळखुळ' हा हिशोबच होता. ज्यांचं डोकं या परिच्छेदात गरगरलं असेल त्यांनी तो आवाज लक्षात ठेवला तरी पुरे.

याच सूत्रातून दोन गमती निघतात. एक, आपटण्याची जागा कडक हवी. खाली गालिचा असेल आणि हातोडी सेंटिमीटरभर दबून थांबली, तर बल दहापट कमी, २१ न्यूटन. मग दिवसभर आपटत बसा, गोळी हलायची नाही. दुसरी, छोटी गोळी काढणं मोठीपेक्षा अवघड. लहान काडतुसांतली ४० ग्रेनची गोळी अडीच ग्रॅमची, तिच्यावर त्याच ठोक्याला ४७ न्यूटन. तिला मुळात जडत्वच कमी. म्हणजे ज्या जास्तीच्या वजनानं काडतूस धोक्याचं केलं, तेच वजन ते उघडायला मदत करतं. नळीत गोळी हलायला नाखूश होती, हातोडीत थांबायला नाखूश. स्वभाव एकच.

आणि टोपी? ती तर आपटल्यावर पेटण्यासाठीच बनवलेली असते, मग हातोडीत का पेटत नाही? मी आजोबांना पहिला प्रश्न हाच विचारला, दारात उभं राहून. टोपी पेटते ती बंदुकीची सुई तिच्यावर एका बिंदूवर आदळून आतला संवेदनशील मसाला चिरडते तेव्हा. हातोडीत तिच्यावर काहीच आदळत नाही. तिचं स्वतःचं वजन अर्ध्या ग्रॅमहून कमी, त्या हिशोबानं जडत्वाचं बल नऊ न्यूटनच्या आत, आणि तेही सगळीकडे पसरलेलं. मात्र '.२२' रिमफायर काडतुसं यात कधीही घालायची नसतात. त्यांच्यात वेगळी टोपी नसते, मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, आणि चिमटा पकडतो ती हीच कडा. बाकी काडतुसांनाही आजोबा गॉगल लावूनच हात घालत होते.

पन्नासातली चुकलेली कोणती हे त्यांनी काट्यावर शोधलं होतं. बसवल्यावर सगळ्यांची लांबी सारखी, त्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही, पण ३० ग्रेनचा फरक वजनात लपत नाही. एकोणीस निघाली. इथे त्यांचं नशीब होतं. चूक गोळीची नसून दारूची असती, समजा दोन-तीन ग्रेन जास्त पडली असती, तर काटा निरुपयोगी होता. पुंगळ्यांच्याच वजनात एकमेकींत काही ग्रेनचा फरक असतो आणि त्या गोंगाटात दोन ग्रेन हरवतात. तेव्हा पन्नासच्या पन्नास उघडावी लागतात. महागातले डिजिटल काटे विकणारे दशांशापुढचा तिसरा अंक कौतुकानं दाखवतात, पण मोजताय ती वस्तूच सारखी नसेल तर तो अंक कशाला चाटायचा?

काढलेल्या गोळ्या आजोबांनी पुसून त्यांच्या डब्यात घातल्या. दारू वेगळ्या वाटीत घेतली आणि मूळ डब्यात परत टाकली, कारण टेबलावर त्या दिवशी एकच डबा उघडला होता याची त्यांना खात्री होती. ती नसती तर टाकून दिली असती, असं म्हणाले. वेगवेगळ्या दारवा दिसायला सारख्याच, काळपट कण. पुंगळ्यांच्या माना पुन्हा मापात आणायच्या होत्या, कारण गोळी बाहेर येताना मान ताणली जाते आणि तिची पकड सैलावते. ते करताना यंत्रातली टोपी ढकलून काढणारी सुई त्यांनी आधी काढून ठेवली. पुंगळीत जिवंत टोपी होती.

निघताना त्यांनी आठवण म्हणून एक नुसती गोळी माझ्या हातावर ठेवली. तांब्याची, टोकाला शिसं उघडं, हातात अनपेक्षित जड. मी ती त्यांच्याच काट्यावर ठेवली. १८०.१ ग्रेन. लक्ष्मी रोडवर आता तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम धरतात. हा जुना, आजीच्या पाटल्यांचा तोळा होता. मी गोळी परत केली. विमानतळावर बॅगेत सापडलेल्या गोळीचं वजन तोळ्यात समजावून सांगायची माझी तयारी नव्हती.