डोळ्यात तेल घालणारी पापणी

चौथीच्या स्कॉलरशिपचा पेपर मी एका डोळ्याने लिहिला. दुसऱ्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर रांजणवाडी आली होती आणि सकाळपर्यंत तो डोळा पार मिटून गेला होता. तासगावजवळच्या आमच्या घरी आजीने दोन उपाय केले. आधी तळहातावर बोट खसाखसा घासून ते गरम बोट पापणीवर टेकवलं, मग सहाणेवर लवंग उगाळून तिचा लेप दिला. बोटाने बरं वाटलं. लवंगेने मात्र जी धार लागली ती पेपर संपेपर्यंत थांबली नाही. पुढे पापणीविषयी वाचायला लागले तेव्हा कळलं, आजीचा पहिला उपाय निम्मा बरोबर होता आणि दुसरा पूर्ण चुकीचा.

का, ते कळायला आरशासमोर उभं राहून खालची पापणी बोटाने किंचित खाली ओढा. केसांच्या ओळीच्या आत, डोळ्याला लागून, बारीक टिंबांची आणखी एक ओळ दिसेल. ती तेलग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत अशा ३० ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी एकीशेजारी एक उभ्या बसवलेल्या असतात. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या माइबोमियन ग्रंथी. आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. प्रत्येक मिटण्यासरशी या ग्रंथी दाबल्या जातात, थेंबभराहूनही कमी तेल बाहेर येतं आणि अश्रूंच्या पाण्यावर त्याची पातळ साय पसरते. ही साय नसेल तर पाणी चटकन उडून जातं. डोळ्यात तेल घालून राखण करणं आपण म्हणीपुरतं मानतो, पापणी मात्र ते दिवसभर करत असते.

बहुतेक तक्रारींची सुरुवात या तेलापाशीच होते.

रांजणवाडी म्हणजे पापणीच्या केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीत झालेला जंतुसंसर्ग. बहुतेक वेळा आपल्या त्वचेवर नेहमी असणारेच स्टॅफिलोकॉकस जिवाणू तुंबलेल्या ग्रंथीत वाढतात. पापणी लाल होते, ठणकते, पिवळं तोंड येतं आणि आठ-दहा दिवसांत फुटून बसते. तुंबलेलं तेल थंडीतल्या तुपासारखं थिजलेलं असतं, आणि थिजलेल्या तुपाचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. स्वच्छ फडकं सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटल्या डोळ्यावर ठेवायचं. ते दोन मिनिटांत निवतं, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवून पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा शेकायचं. आजीच्या बोटाची ऊब योग्य जागी पोचत होती, पण चार क्षणांत विरत होती. लवंगेतलं तेल मात्र डोळ्याच्या पारदर्शक पटलाला चांगलंच झोंबतं. घरचं एरंडेल, मध, तूप आणि हळदीचं फडकंही डोळ्यापासून लांबच ठेवावं. सांगलीची हळद देशभर जाते, तिच्याविषयी मला प्रेमच आहे, पण तिची जागा डोळा नव्हे.

रांजणवाडी पिळू मात्र नका. सूज पूर्ण पापणीवर पसरली, ताप आला, डोळा हलवताना दुखू लागला, पुढे आल्यासारखा वाटला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर संसर्ग डोळ्याच्या खोबणीत शिरत असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, लहान मुलाच्या बाबतीत तर तासही दवडायचा नाही.

कधी दुखणं थांबतं, पण पापणीत एक टणक, न दुखणारी गाठ मागे राहते. यात जंतू नसतात. अडकलेलं तेल आसपासच्या मांसात झिरपलेलं असतं आणि शरीर त्याला परकं समजून त्याच्याभोवती कुंपण घालतं. तिचं वैद्यकीय नाव कॅलेझियन, ग्रीक भाषेतल्या गारेवरून आलेलं. द्राक्षबागांच्या आमच्या भागात गार म्हटलं की पोटात गोळा येतो, पण ही गार बहुधा निरुपद्रवी असते. महिनाभर शेकून ती विरघळते. नाहीच विरघळली तर भूल देऊन पापणीच्या आतल्या बाजूने छोटा छेद घेऊन ती काढतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवायलाच हवा. पन्नाशी-साठीतल्या माणसाला काढलेली गाठ पुन्हा त्याच जागी आली, किंवा गाठीवरचे पापणीचे केस झडले, तर तिचा तुकडा तपासणीला पाठवा असा आग्रह आपणच धरावा. याच तेलग्रंथींचा कॅन्सर अगदी साध्या गाठीचं सोंग घेतो. पाश्चात्त्य देशांत तो दुर्मीळ आहे, पण भारतात पापणीच्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा तिथल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने पुरता काढता येतो.

पापण्यांना कोंडाही होतो. सकाळी कडा चिकटलेल्या, केसांच्या मुळाशी खवले, दिवसभर डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपणं. केसांच्या मुळांभोवती पारदर्शक नळीसारखे खवले दिसले तर तिथे डेमोडेक्स असतो. हा कोळ्यांच्या वर्गातला, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा जीव. वय वाढतं तसा तो बहुतेकांच्या अंगावर राहायला येतोच, त्याची संख्या फार वाढली की त्रास देतो. यात ‘बरा झाला’ असं सहसा होत नाही, निगा राखावी लागते. रोज शेकायचं, मग कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने केसांच्या मुळाशी आडवं पुसायचं, आणि काजळ कडेच्या आत न ओढता रात्री काढून झोपायचं. काजळ तेलग्रंथींच्या तोंडावरच बसतं. मोबाइलकडे बघताना आपण पापणी कमी वेळा आणि अर्धवट मिटतो, त्यानेही तेल तुंबतं.

आता केसांकडे. मराठीत कातडीच्या पडद्यालाही पापणी म्हणतात आणि त्याच्या केसालाही. गळालेली पापणी मुठीवर ठेवून, इच्छा धरून फुंकर मारणं आपण सगळ्यांनी केलं आहे. हा केस काही महिनेच जगतो, म्हणून एखाददुसरा रोज गळणं स्वाभाविक आहे. त्याचं मुख्य काम वाऱ्याचा झोत आणि धूळ अडवणं, पण दिशा चुकली की तोच वैरी होतो. आमच्या थोरल्या चुलत्यांच्या, तात्यांच्या, दोन-तीन पापण्या आत वळलेल्या होत्या. काकी दर महिन्याला त्यांना अंगणात उन्हाला बसवून चिमट्याने त्या उपटायच्या. दीड-दोन महिन्यांत केस परत येतो, आणि उगवतानाचा आखूड, ताठ खुंट जास्तच टोचतो. दर मिटण्यासरशी बुबुळावरच्या पटलावर ओरखडा, आणि ओरखड्यात जंतू. त्यात उसाच्या पाचटाची करवती कड डोळ्याला लागली की जखम चिघळते आणि डोळ्यात फूल पडतं. तात्यांच्या उजव्या डोळ्यात पडलं. विजेच्या सुईने मूळ जाळून किंवा छोट्या शस्त्रक्रियेने पापणीची कड बाहेर वळवून ते टाळता आलं असतं. चिमट्याने भागतंय म्हणून कुणी त्यांना दाखवायला नेलंच नाही, याची हळहळ मला अजून वाटते.

केस आत वळण्याचं एक जुनं कारण खुपऱ्या. या आजारात वरच्या पापणीच्या आतल्या अस्तरावर व्रण पडून ती आखडते आणि कड आत ओढली जाते. हा संसर्ग मळके हात, एकाच टॉवेलचा वापर आणि माश्या यांमार्फत पसरतो. १९६३ मध्ये आपल्याकडे त्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचं जाहीर केलं. पण लहानपणी झालेले व्रण म्हातारपणी त्रास देतात, आणि वयोमानाने सैल पडलेली खालची पापणीही आत वळते. म्हाताऱ्या माणसाचा एक डोळा सतत गळत असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, पापणीची कड बघा.

केस झडण्यामागे पापण्यांचा कोंडा, थायरॉइड किंवा चाई असू शकते, आणि भुवईही विरळ होत असेल तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. वेळेत घेतली नाहीत तर चेहऱ्याची नस दुबळी होऊन पापणी मिटेनाशी होऊ शकते, आणि उघडा राहिलेला डोळा सुकून जातो. नाकाजवळ पापणीवर पिवळट चट्टे आले तर कोलेस्टेरॉल तपासून घ्या. आणि डोळा लवणं: उजवा लवला तर अमुक, डावा लवला तर तमुक, असं आपण म्हणतो. ते जागरण, ताण आणि जास्तीच्या चहाने होणारं स्नायूचं फुरफुरणं असतं, काही दिवसांत आपोआप थांबतं.

पापणी खाली पडणं मात्र वेगळं. वरची पापणी उचलून धरणारा स्नायू आपण जागे असेपर्यंत सुट्टी घेत नाही. काही मुलांमध्ये तो जन्मतःच दुबळा असतो. असं मूल हनुवटी वर करून, भुवया ताणून बघतं. घरचे म्हणतात, ऐटीत बघतंय. पापणीने बाहुली झाकली तर त्या डोळ्याची नजर मेंदूत तयारच होत नाही, आणि साताठ वर्षांनंतर ती परत आणणं फार अवघड जातं. मोठ्यांमध्ये सकाळी ठीक आणि संध्याकाळी पापण्या जड, असं होत असेल तर मायस्थेनिया हा स्नायू लवकर थकवणारा आजार तपासतात. अचानक एक पापणी पडली, सोबत डोकं फुटेल असं दुखलं आणि बाहुली मोठी दिसली, तर थेट मोठं रुग्णालय.

आणि सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात आणखी एक कारण असतं. नाग आणि मण्यार यांचं विष नस आणि स्नायू यांच्या जोडावर हल्ला करतं, आणि त्याची पहिली खूण बऱ्याचदा पापण्यांवर दिसते. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, दातांच्या खुणाही धड सापडत नाहीत.

एका दिवाळीनंतर आमच्या मळ्यात ऊसतोड टोळीच्या कोप्या पडल्या होत्या. पहाटे एका बारा वर्षांच्या मुलाच्या पोटात दुखायला लागलं. उजाडल्यावर आई त्याला हलवून उठवत होती आणि म्हणत होती, पोरगं झोपेनं पेंगतंय. तो झोपेत नव्हता, सगळं ऐकत होता. त्याला डोळे उघडता येत नव्हते. माझ्या भावाने ना मांत्रिक बघितला ना चावल्याची खूण शोधली, मुलाला गाडीत घातलं आणि थेट रुग्णालय गाठलं. प्रतिविष दिलं, दोन दिवस कृत्रिम श्वासावर ठेवलं. मण्यारीच्या विषाने बिघडलेली नसांची टोकं प्रतिविषाने लगेच दुरुस्त होत नाहीत, ती सावरायला दिवस लागतात, म्हणून डॉक्टर रोज त्याला छताकडे बघायला सांगायचे आणि पापणी किती उचलली जाते ते पाहायचे. पाचव्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा त्याचे डोळे निम्मे उघडले होते. पलंगाजवळ उभ्या असलेल्या आईकडे बघायला त्याला अजून हनुवटी वर करावी लागत होती.