स्क्रिप्टला ‘भाग’ दिसत नाही

दहा लाख ओळींची लॉग फाइल, म्हणजे संगणकाने वेळेसह केलेल्या नोंदींची फाइल आहे आणि त्यातल्या दुपारी दोन ते तीनमधल्याच ओळी तपासायच्या आहेत. एवढी फाइल उघडतानाच बरेच एडिटर धापा टाकतात. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर यासाठी दोन जुनी हत्यारं आहेत: बेल लॅब्जमध्ये ली मॅकमहॉन यांनी १९७४च्या सुमारास लिहिलेलं ‘सेड’ आणि १९७७मध्ये आहो, वाइनबर्गर, कर्निगन या तिघांनी बनवलेलं ‘ऑक’.

दोन्ही एकेक ओळ वाचतात, तिचं काय ते करतात आणि पुढच्या ओळीकडे वळतात. अख्खी फाइल मेमरीत घ्यावी लागत नाही, म्हणून कित्येक जीबींची फाइलही चालते. पण एका वेळी एकच ओळ समोर असेल, तर ‘इथून तिथपर्यंत’ हे कळणार कसं? त्यासाठी आत एक स्विच असतो, बस्स. सुरुवातीची खूण जुळली की चालू, शेवटची जुळली की बंद. चालू असेपर्यंत येईल ती ओळ आपली.

सगळी गंमत, आणि सगळा घोळही, या स्विचमध्येच आहे. शेवटची खूण ‘१५:००’ दिली आणि नेमकी त्या मिनिटाला एकही नोंद झालेली नसली तर? स्विच बंदच होत नाही. फाइल संपेपर्यंतच्या सगळ्या ओळी आत येतात, तेही एरर न देता. त्या ओळी पुसून टाकायला सांगितलं असेल तर विचारूच नका. दोन्ही खुणा एकाच ओळीत आल्या की ऑक त्याच ओळीवर स्विच बंद करतं; सेड मात्र शेवटची खूण पुढच्या ओळीपासून शोधतं. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेने दोन्ही रीती ठेवल्या: दोन टिंबं दिली की ऑकसारखं, तीन दिली की सेडसारखं.

वेळेच्या बाबतीत माझं मत ऑकच्या बाजूने आहे. खूण शोधण्याऐवजी प्रत्येक ओळीतली वेळ दोनपेक्षा कमी नाही ना आणि तीनच्या आत आहे ना, एवढंच तपासायचं. नोंद हुकली तरी बिघडत नाही. फक्त एररचा तपशील अनेक ओळींत पसरला असेल, तर त्यातल्या पहिल्या ओळीलाच वेळ असते आणि बाकीच्या गळतात. तेव्हा स्विच आपल्या हातात घ्यावा: वेळ असलेली ओळ आली की तो नव्याने ठरवायचा, नसलेली आली की आहे तसाच ठेवायचा.

आणि नोंदी वेळेच्या क्रमाने असतील, तर तीननंतरची पहिली ओळ दिसताच स्क्रिप्टला, म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञांना, थांबायला सांगावं. नाहीतर उरलेल्या लाखो ओळी ती उगाच वाचत बसते.