फांदीवरची वेल खिडकीत

रात्री साडेआठ-नऊ वाजले की आमच्या पूर्वेच्या खिडकीतून होया नावाच्या वेलीच्या फुलांचा वास यायला लागतो. दिवसा त्याच फुलांना नाक लावलं तर फारसं काही हाती लागत नाही. अंधार पडला की मात्र मधासारखा गोड वास अख्ख्या खोलीत भरतो. भिंग घेऊन जवळून पाहिलं तर फिकट गुलाबी, पाच टोकांची चांदणी दिसते. तिच्यावर मखमलीसारखी बारीक लव असते. मधोमध आणखी एक छोटी, लालसर ठिपक्याची, लकाकणारी चांदणी, आणि तिच्या कडेला सुटू पाहणारा मधाचा थेंब. अशा वीसेक चांदण्या एकाच देठावर गोल घोसात लागतात. घरी आलेला पाहुणा हमखास हात लावून बघतो, कारण फूल मेणाच्या साच्यातून काढल्यासारखं दिसतं. नर्सरीत याला ‘वॅक्स प्लांट’ म्हणतात ते त्यामुळेच.

माझी पहिली होया मात्र एका पावसाळ्यात गेली. हौसेनं मोठी कुंडी आणली, तीत गुलाबासाठी कालवलेली शेणखताची माती भरली, आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलं. पानं पिवळी पडली, सुरकुतली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. उपटून पाहिलं तेव्हा मुळं काळी, बुळबुळीत झाली होती आणि हात लावताच सालीसकट निघून आली. मुळंच सडल्यामुळे ओल्या मातीत उभं राहून ते झाड तहानेनं मेलं होतं. ही चूक मला फार लागली, कारण झाडाचं मूळ घर कुठलं आहे एवढं जरी आधी विचारलं असतं तरी ती टळली असती.

होया मुळात सहसा मातीत राहत नाही. दक्षिण आणि आग्नेय आशियापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागापर्यंत आणि पॅसिफिकच्या पश्चिम बेटांपर्यंत तिच्या 500हून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक झाडांच्या फांद्यांवर वाढतात. त्यांना बांडगूळ समजू नये. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून रस ओढतं. होया सालीला फक्त धरून बसते, तिथल्या शेवाळात आणि कुजक्या पानांत मुळं पसरते आणि पावसाच्या पाण्यावर जगते. अशा झाडांना अपिवनस्पती म्हणतात. आपल्या सह्याद्रीतही होया आहे. दमट सदाहरित जंगलांत झाडांवर चढलेली ‘होया वायटी’ बघायला मिळते. एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यात काम केलेले स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांचं नाव तिला मिळालं आहे. ती जंगलातच बघावी, उपटून आणू नये. घरात लावायला नर्सरीत सर्रास मिळणारी ‘होया कार्नोसा’ पुरेशी आहे. ती दक्षिण चीन, तैवान आणि जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांची. ‘होया’ हे नाव 1810 साली वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी दिलं, ते लंडनजवळच्या सायन हाउसच्या बागेचे माळी थॉमस हॉय यांच्यावरून. एका माळ्याचं नाव वेलींच्या अख्ख्या गटाला मिळावं याचा मला फार आनंद वाटतो.

आता फांदीवरचं जगणं डोळ्यांसमोर आणा. पाऊस धो धो पडतो, साल भिजते आणि थोड्याच वेळात वाऱ्यानं सुकते. मुळांना पाणी मिळतं आणि लगेच हवाही मिळते. कुंडीत आपल्याला नेमकं हेच साधायचं आहे. मी नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, थोडा लाकडी कोळसा, विटांची खडी आणि मूठभर गांडूळखत असं मिश्रण करते. पाणी घातलं की ते खालच्या भोकातून लगेच धो धो निघालं पाहिजे. वर तळं साचलं तर मिश्रण चुकलं. कुंडी लहानच हवी. मोठ्या कुंडीत मुळं पोहोचत नाहीत तिथली ओल दिवसेंदिवस तशीच राहते आणि सड तिथूनच सुरू होते. मुळांनी कुंडी गच्च भरली तरी होयाची तक्रार नसते.

पाणी कधी घालायचं हे तिची पानंच सांगतात. खालचं एखादं जुनं पान दोन बोटांत धरून अलगद वाकवा. ताठ, कडक लागलं तर थांबा. जरा मऊ पडलं असेल तर कुंडी भरपूर भिजवा आणि पुन्हा विसरून जा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मी दहा-दहा दिवस पाणी घालत नाही. पुण्याच्या एप्रिलमध्ये तीन-चार दिवसांत घालावं लागतं. थंडीत हात आणखी आखडता घ्यावा.

इतकी तहान ती सोसते कशी, यामागची गोष्ट मला सगळ्यात आवडते आणि तिचा एक धागा भारतात आहे. बेंजामिन हाइन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात काम करत होते. पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं, दुपारपर्यंत तो आंबटपणा जातो आणि संध्याकाळी ते कडवट होतं, असं त्यांच्या जिभेला जाणवलं. 1813 साली त्यांनी हे पत्रानं इंग्लंडला कळवलं आणि 1815 मध्ये ते छापून आलं. उलगडा व्हायला पुढे कितीतरी काळ गेला. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, पण उघड्या रंध्रांतून उन्हात पाण्याची वाफही निघून जाते. पानफुटी, निवडुंग आणि होया कार्नोसासारख्या जाड पानांच्या जाती मुख्यतः रात्रीच्या गारव्यात रंध्रं उघडतात. घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठवून ठेवतात. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबीत असतं तेच हे आम्ल. सकाळी रंध्रं मिटतात आणि ऊन आलं की त्या साठ्यातून साखर बनते. (होयाचं पान मात्र चाखू नका, त्यात चीक असतो.)

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे होयाला उजेड भरपूर लागतो. रात्री भरलेलं कोठार दिवसा वापरायला उजेड नसेल तर झाड नुसतं टिकून राहतं, वाढत नाही, फुलत तर नाहीच. पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेची असेल तर पातळ पडदा लावा. दुसरी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या त्या यादीची, ‘रात्री ऑक्सिजन देणारी झाडं’. ऑक्सिजन पाण्याच्या विघटनातून सुटतो आणि त्याला प्रकाश लागतो. रात्री ही झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात हे खरं, ऑक्सिजन मात्र दिवसाच बनतो. हवा शुद्ध करण्याचंही तसंच. 2009 मध्ये जॉर्जिया विद्यापीठात बंद काचेच्या बरण्यांत 28 झाडं तपासली गेली, त्यांत होया कार्नोसा खरोखर वरच्या क्रमांकांत होती. पण 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा खिडकी-दारांतून येणाऱ्या वाऱ्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील असं दिसलं. खिडकी उघडा आणि होया तिच्या फुलांसाठी लावा.

फुलांचं एक पथ्य प्राणपणानं पाळा. घोस सुकून गळला की मागे बोटभर लांबीचा बोडका देठ राहतो. तो मेल्यासारखा दिसतो आणि नीटनेटकेपणाची सवय असलेला हात कात्रीकडे जातो. तो कापू नका. पुढचा घोस त्याच देठाच्या टोकाला येतो. माझ्या एका देठावर चार बहरांच्या खुणा आहेत, बांगड्यांसारख्या एकावर एक. तसंच, कधी कधी वेल पानं नसलेली लांबलचक दोरी सोडते. फांदी शोधत निघालेला तो शेंडा आहे, पानं मागाहून येतात. त्याला गुंडाळायला तारेची कमान द्या, नाहीतर टांगत्या कुंडीतून खुशाल लोंबू द्या.

होयाची जवळची नातलग ओळखीची आहे: मारुतीला वाहतो ती रुई. पान तोडलं की दोघींतून पांढरा चीक येतो. दोघींचे पराग भुकटीसारखे सुटे नसून मेणचट गोळ्यांत बांधलेले असतात, आणि दोन गोळ्यांना जोडणारा चिमटा कीटकाच्या अंगाला अडकतो. रुईवर हे काम काळे भुंगे करतात. जपानच्या अमामी बेटावर होया कार्नोसावर मोठे निशाचर पतंग येतात आणि गोळे त्यांच्या पायांना चिकटून जातात, असं 2017 मध्ये संशोधकांनी दाखवलं. रात्रीचा तो वास कुणाला बोलावतो, ते यातून कळतं. घरात पतंग येत नाहीत, म्हणून शेंगा सहसा धरत नाहीत. धरल्या तर आतून रुईच्या म्हाताऱ्यांसारख्याच रेशमी म्हाताऱ्या उडतात. नातं शत्रूंच्या बाबतीतही आहे. रुईवर दिसणारा पिवळाजर्द मावा होयाच्या कोवळ्या शेंड्यांवरही बसतो. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्यानं पुसा. दर आठवड्याला निंबोळी तेलाचं साबणमिश्रित पाणी मारा, आणि मुंग्यांची रांग दिसली की ती कुठे जाते ते बघा. ती किडीपर्यंत नेऊन पोहोचवते.

फेब्रुवारीत बाजारात बदामाच्या आकाराचं एकच पान छोट्या कुंडीत खोचून विकतात. ती ‘होया केरी’, थायलंडमध्ये झाडं गोळा करणारे आयरिश डॉक्टर केर यांच्या नावाची. आमच्या शेजारच्या काकूंनी तसं एक तीन वर्षं सांभाळलं. “अगं, हिरवंगार आहे, पण दुसरं पान काही येईना,” त्या म्हणाल्या. पानाला मुळं फुटली होती, पण नवा कोंब पेरातून येतो, आणि त्या पानासोबत खोडाचं पेरच नव्हतं. ते आणखी काही वर्षं तसंच हिरवं राहील. मी काकूंना माझ्या वेलीची दोन पेरांची काडी कापून दिली. चीक सुकू दिला, खालचं पेर पाण्यात बुडेल अशी ती काचेच्या पेल्यात ठेवली. तीन आठवड्यांनी पेराजवळ पांढरी मुळं दिसली तेव्हा काकू पेला हातात घेऊनच आमच्या दारात आल्या.