माघार की स्थगिती? प्रायमरीत मागे पडलेल्या उमेदवाराने थांबायचे कधी, या वादाची पार्श्वभूमी

आपल्याकडे अर्ज मागे घ्यायची मुदत ठरलेली असते. त्या दिवशी दुपारी 3 वाजले की रिंगणात कोण उरले ते पक्के होते. त्यानंतर एखाद्याने दुसऱ्याला पाठिंबा जाहीर केला तरी त्याचे नाव मतदान यंत्रावर राहते आणि त्याला पडलेली मते मोजलीही जातात. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पक्षांतर्गत मतदानाची जी फेरी, म्हणजे प्रायमरी, चालते, तिला अशी एकच मुदत नाही. ती वर्षाच्या सुरुवातीला निघते आणि जूनपर्यंत राज्याराज्यांतून फिरते. मागे पडलेल्याने केव्हा थांबायचे हे त्याची तिजोरी, त्याची जिद्द आणि पक्षातल्या ज्येष्ठांचा दबाव यांवर ठरते. म्हणूनच ‘आता बाजूला व्हा’ ही मागणी जवळजवळ दर चार वर्षांनी होते, आणि प्रत्येक वेळी तिला नव्याने उत्तर शोधावे लागते.

प्रश्न तसा जुना नाही. 1968 मध्ये शिकागोच्या अधिवेशनात, म्हणजे पक्षाचा उमेदवार अधिकृतपणे ठरवणाऱ्या मेळाव्यात, ह्युबर्ट हम्फ्री यांना एकाही प्रायमरीत न उतरता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली. निर्णय नेत्यांच्या बैठकांत होत असे, त्यामुळे मतदानात कोण किती मागे आहे याला फारसे वजन नव्हते. शिकागोच्या त्या अधिवेशनाबाहेर जे रणकंदन माजले त्यानंतर नियम बदलले आणि 1972 पासून अधिवेशनात उमेदवार निवडणारे बहुतेक प्रतिनिधी प्रायमरीच्या मतदानातून ठरू लागले. मागे पडणे तेव्हापासून आकड्यांत दिसू लागले.

वादात दोन दाखले हमखास निघतात. 1976 मध्ये रिपब्लिकन पक्षात रोनाल्ड रेगन सुरुवातीच्या प्रायमरी ओळीने हरले, माघारीचा सल्ला झिडकारून नॉर्थ कॅरोलायनात जिंकले आणि अधिवेशनात विद्यमान अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याकडून 1,187 विरुद्ध 1,070 असे हरले. 1980 मध्ये एडवर्ड केनेडी यांनी विद्यमान अध्यक्ष कार्टर यांच्याविरुद्धची लढत ऑगस्टच्या अधिवेशनापर्यंत ताणली. फोर्ड आणि कार्टर दोघेही नोव्हेंबरमध्ये पडले. ‘लांबलेली लढत पक्षाला बुडवते’ हे सूत्र इथून रूढ झाले. पण फोर्ड यांच्यामागे निक्सन यांना दिलेल्या माफीचे ओझे होते आणि कार्टर यांच्यामागे महागाई व तेहरानमधले अमेरिकी ओलीस. सगळा दोष हरलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या माथी मारणे मला पटत नाही.

2008 ची लढत या समजुतीची खरी परीक्षा होती. डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात. चार प्रतिनिधींच्या मतदारसंघात एकाला 60 टक्के आणि दुसऱ्याला 40 टक्के मते पडली तरी वाटणी दोन-दोनच होते. तीन हवे असतील तर साडेबासष्ट टक्के लागतात. या हिशेबामुळे पुढच्याला निर्णायक आघाडी घेता येत नाही आणि मागच्याला अंतर कापता येत नाही. फेब्रुवारीत बराक ओबामांनी सलग 11 ठिकाणी बाजी मारली तेव्हाच गणित जवळपास संपले होते, आणि मार्चमध्ये हिलरी क्लिंटन यांना माघार घ्या असे उघड सांगितले जाऊ लागले. त्याच महिन्यात त्यांनी ओहायो जिंकले, एप्रिलमध्ये पेनसिल्वेनिया, मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनिया तर 41 टक्क्यांच्या फरकाने. जी व्यक्ती अजून राज्ये जिंकते आहे तिला ‘तुमचे संपले’ कसे म्हणायचे?

ही लढत 6 मे रोजी इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलायनात पोचली. एरवी तिथवर निकाल लागलेला असतो, त्या वर्षी दोन्हीकडे घरोघरी प्रचार झाला. नोव्हेंबरमध्ये ओबामांनी ही दोन्ही राज्ये जिंकली. इंडियाना तर डेमोक्रॅटिक पक्षाकडे 1964 नंतर प्रथमच गेले. माझ्या मते लांबलेल्या लढतीचा हा फायदा तिच्या तोट्याच्या चर्चेत नेहमी झाकला जातो.

क्लिंटन 7 जूनला थांबल्या, आणि त्यांनी वापरलेला शब्द होता ‘सस्पेंड’. प्रचार स्थगित. सगळा गुंता या शब्दात आहे. निवडणूक निधीच्या केंद्रीय कायद्यात ‘स्थगित’ अशी वेगळी अवस्था नाही. उमेदवार उमेदवारच राहतो, देणग्या घेऊन देणी फेडू शकतो. क्लिंटन यांच्या मोहिमेवर 2 कोटी डॉलरच्या वर कर्ज होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक त्यांनी स्वतःच दिलेले होते. पक्षाच्या नियमांत मात्र ‘आता उमेदवार नाही’ असे ठरले की राज्यपातळीवरच्या कोट्यातले (म्हणजे मतदारसंघाऐवजी सबंध राज्याच्या मतांवर मिळालेले) प्रतिनिधी हातचे जाऊ शकतात. म्हणून कोणी ‘माघार’ म्हणत नाही, सगळे ‘स्थगित’ म्हणतात. मराठी बातम्यांत दोन्हींना सर्रास ‘माघार’ म्हटले जाते, आणि तिथेच वाचकाची गफलत होते.

हा फरक किती महागात पडतो ते 2020 मध्ये दिसले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बहुतेक प्रतिस्पर्धी बाजूला झाले आणि जो बायडन पुढे गेले. बर्नी सँडर्स यांनी करोनाच्या साथीत 8 एप्रिलला प्रचार स्थगित केला, पण त्याच वेळी सांगितले की उरलेल्या राज्यांत माझे नाव मतपत्रिकेवर राहील. अधिवेशनात धोरणाचा मसुदा ठरताना आपल्या बाजूचे प्रतिनिधी असावेत एवढाच त्यांचा हेतू होता. न्यूयॉर्क राज्यात मात्र त्याच महिन्यात एक तरतूद झाली होती: ज्याने प्रचार संपवल्याचे किंवा स्थगित केल्याचे जाहीर केले, त्याचे नाव मतपत्रिकेवरून काढता येईल. नाव राहू द्या अशी विनंती सँडर्स यांच्या वकिलाने लेखी केली. तरीही 27 एप्रिलला राज्याच्या निवडणूक मंडळाने बायडन सोडून बाकी सगळी नावे वगळली आणि अध्यक्षपदाची प्रायमरीच रद्द केली.

कारण दिले गेले ते साथीचे. लोकांना रांगेत उभे करून धोका कशाला, निकाल तर लागलेला आहे. ऐकायला हे बिनतोड वाटते, कारण त्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये रोज शेकड्यांनी माणसे जात होती. पण 23 जूनच्या त्याच दिवशी अमेरिकेची संसद (काँग्रेस) आणि राज्य विधिमंडळाच्या जागांसाठी प्रायमरी होणारच होती. रांगा लागणारच होत्या, फक्त मतपत्रिकेवरचा एक रकाना नाहीसा होणार होता. या रकान्यावर 274 प्रतिनिधी अवलंबून होते. नावे वगळलेल्या दुसऱ्या एका उमेदवाराने न्यायालयात धाव घेतली. उमेदवारांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना वेळेवर अर्ज भरून मिळवलेला हक्क असा काढून घेता येणार नाही, असे म्हणत न्यायाधीशांनी मे महिन्याच्या सुरुवातीला रद्द केलेली प्रायमरी घ्यायला लावली. अपिलातही तोच निकाल कायम राहिला.

मला या प्रकरणात मंडळाची बाजू समजते, पण पटत नाही. उमेदवार थांबला म्हणून मतदारही थांबला असे कायद्याने धरून चालणे हेच मुळात चुकीचे आहे. 23 जूनला सँडर्स यांना सुमारे 16 टक्के मते पडली. प्रतिनिधी मिळायला किमान 15 टक्के लागतात, म्हणजे ते काठावर तरले आणि त्यांच्या वाट्याला 43 प्रतिनिधी आले. ज्याचा प्रचार अडीच महिने बंद होता, त्याला इतक्या लोकांनी मत दिले. दरम्यान बायडन आणि सँडर्स यांच्या मोहिमांनी 30 एप्रिललाच आपसांत समझोता करून सँडर्स यांचे राज्यपातळीवरचे प्रतिनिधी कायम ठेवायचे ठरवले होते. नियमाची धार दोन्ही बाजूंनी मिळून बोथट केली.

रिपब्लिकन पक्षात अनेक राज्ये जिंकणाऱ्यालाच सगळे किंवा बहुतेक प्रतिनिधी देतात, त्यामुळे तिथे लढत लवकर आटोपते. तरी 2024 मध्ये तोच अनुभव आला. ट्रम्प यांच्याविरुद्ध लढणाऱ्या निकी हॅले 6 मार्चला थांबल्या, शब्द तोच: स्थगित. त्यानंतर दोन महिन्यांनी, 7 मे रोजी, इंडियानाच्या रिपब्लिकन प्रायमरीत 21 टक्क्यांहून जास्त मतदारांनी त्यांच्या नावापुढे खूण केली. स्वतःचे 97 प्रतिनिधी डोनाल्ड ट्रम्प यांच्यासाठी मोकळे केल्याचे त्यांनी जाहीर केले ते जुलैमध्ये, अधिवेशन आठवड्यावर आले तेव्हा.